बर्फावर आधी पडायला शिकूया

(कॅनडातल्या ओंटारियोतील महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात क्रीडा समितीच्या वतीने केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, मराठी शाळेच्या शिक्षिका, आणि तिळगुळाच्या रांगेतून वेळेवर परत आलेले थोडे व अजून रांगेतच उभे असलेले पुष्कळ मंडळीहो,

क्रीडा समितीला दरवर्षी या मेळाव्यात दहा मिनिटे मिळतात आणि दरवर्षी आम्ही ती उन्हाळ्यातल्या क्रिकेट स्पर्धेचा जमाखर्च वाचण्यात घालवतो. यंदा जमाखर्च फलकावर लावला आहे. चेंडूंचा खर्च ज्यांना अवाच्या सवा वाटतो त्यांनी मला चहाच्या वेळी गाठावे. मला आज बर्फावरच्या हॉकीविषयी बोलायचे आहे. जिने आजवर रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त पटांगणाच्या, कडेची फळी कधी सोडलेली नाही तिने या विषयावर बोलावे हे थोडे धाडसाचे आहे, म्हणून ते का बोलते आहे हे आधी सांगते.

नाताळच्या सुटीआधी आमच्या चिरंजीवांच्या शाळेने बर्फावरच्या स्केटिंगची सहल ठरवली. तिसरीतला मुलगा आहे. आदल्या रात्री दप्तर भरता भरता तो सहज म्हणाला, “आई, उद्या मला बरं नाही असं लिहून दे.” ताप नव्हता, पोट दुखत नव्हते. खोदून खोदून विचारले तेव्हा कळले, “सगळ्यांना येतं. मला एकट्याला तो लहान मुलांचा आधाराचा खेळण्यातला पेंग्विन ढकलत फिरावं लागतं.” यावर आमच्या घरात जे झाले त्याला मी चर्चा म्हणते, ते केवळ या व्यासपीठाचा मान राखण्यासाठी. आमचे हे म्हणाले, “दे लिहून, एका दिवसाने काय बिघडतं?” तिकडून आलेल्या सासूबाईंचे म्हणणे असे पडले की देवाने पायाखाली चांगली जमीन दिलेली असताना माणसाने बर्फावर तडमडायला जावेच कशाला. मी चिठ्ठी दिली नाही. तो गेला, परत आला, जेवला, आणि त्या विषयावर चकार शब्द बोलला नाही.

हा मुलगा इथेच जन्मला आहे. त्याच्या वर्गात जी मुले वाऱ्यासारखी गोल गोल फिरत होती त्यांना ते काही आईच्या पोटातून येत नव्हते. कुणीतरी त्यांना तीन-चार वर्षांची असताना हात धरून बर्फावर उभे केले होते. ते कुणीतरी आपल्या मुलांना का मिळत नाही, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. आपण गणपतीची मूर्ती आणि मोदकांचे डबे घेऊन ज्या कम्युनिटी सेंटरच्या दारातून आत शिरतो, त्याच दारातून डावीकडे गेले की रिंक आहे. आपण इतकी वर्षे उजवीकडे वळत आलो.

१९९४ साली कॅनडाच्या संसदेने कायदा करून हॉकी हा हिवाळी आणि लक्रॉस हा उन्हाळी राष्ट्रीय खेळ ठरवला. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातला दुसरा खेळ कसा खेळतात हे ठाऊक नाही, आणि पहिल्याविषयी आपले मत असे आहे की त्यात चेंडू दिसत नाही आणि माणसे मारामारी करतात. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि खडकीचा धनराज पिल्लेच येणार, आणि ते यावेतच. पण आपले पंजाबी शेजारीही तीच हॉकी घेऊन इथे आले होते. २००८ पासून या देशात हॉकीच्या सामन्यांचे पंजाबी समालोचन दूरचित्रवाणीवर होते आहे, आणि रॉबिन बावा नावाचा पंजाबी घरातला मुलगा १९८९ मध्येच एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, खेळून गेला आहे. आपण मात्र आपल्या व्हॉट्सॲप गटावर अजून ‘हिवाळ्यात मुलांना कशात गुंतवावे’ हा प्रश्न विचारतो आणि उत्तरात बुद्धिबळाच्या क्लासचा पत्ता पाठवतो. भारतातून येणारी बातमीसुद्धा आपल्याला लाज आणणारी आहे: २०२५ च्या महिलांच्या आशिया चषकात भारतीय संघाने बर्फावरच्या हॉकीत कांस्यपदक मिळवले, आणि त्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेल्या. पायाशी रिंक असूनही आपल्या मुलींच्या नावाने मात्र अजून भोपळाच आहे.

म्हणून नाताळच्या सुटीत आम्ही काही कुटुंबांनी मिळून एक तास रिंक भाड्याने घेऊन बघितली. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुटीला तेच सगळ्या मंडळासाठी करायचे आहे. ते कसे करायचे हे जरा तपशिलाने सांगते, कारण आपल्याकडे गंमत म्हणून सुरू केलेल्या गोष्टीचा दुसऱ्या आठवड्यात क्लास होतो आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी प्रमाणपत्राचा विषय काढते.

पहिली गोष्ट वेळेची. रिंकचा तास पन्नास मिनिटांचा असतो; उरलेल्या दहा मिनिटांत झांबोनी येऊन बर्फावरचे ओरखडे तासते आणि वर गरम पाण्याचा पातळ थर देते. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली हे यंत्र उभे केले, आणि माझ्या मते परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना शिस्त लावण्याची ताकद आजवर केवळ याच यंत्रात दिसली आहे. आपला कार्यक्रम सहाचा असला की सव्वासातला दीपप्रज्वलन होते. रिंकवर पाच वाजता दार उघडते आणि पाच पन्नासला भोंगा वाजतो. अध्यक्षांचे भाषण राहिले असले तरी झांबोनी थांबत नाही. त्यामुळे स्केट्स बांधायला अर्धा तास आधी या, असे मी आत्ताच हात जोडून सांगते.

दुसरी गोष्ट त्या स्केट्सचीच. आपण मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेणारी माणसे आहोत. दिवाळीचा सदरा दोन वर्षे चालला पाहिजे हे आपल्या रक्तात आहे. पण स्केट्स नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबराने लहानच लागतात. वाढत्या अंगाचे स्केट्स घातले की घोटे आतल्या बाजूला वळतात, मूल पावलाच्या कडेवर उभे राहते, पाच मिनिटांत पाय भरून येतात आणि ‘याला जमत नाही’ असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. आत एकच पातळ मोजा हवा. आजींनी विणलेले लोकरीचे दोन जोड प्रेमाने पिशवीत राहू द्यावेत. नाडी पंजापाशी सैल, मध्यावर जरा ओढून आणि घोट्यापाशी घट्ट बांधायची, म्हणजे गुडघा पुढे वाकतो पण घोटा हलत नाही. दुकानातून नव्या आणलेल्या स्केट्सची पाती बहुधा धार न लावलेली असतात, तेव्हा आधी धार लावून आणा. परवाच्या तासाला एका ताईंनी कोऱ्या करकरीत स्केट्सवर मुलाला उभे केले आणि तो जागच्या जागी इतका घसरला की त्या बिचाऱ्या बर्फालाच दोष देऊ लागल्या.

डोक्याला जाळीचे, प्रमाणित हॉकी हेल्मेट लागते. सायकलचे किंवा क्रिकेटचे चालणार नाही. गळपट्टा, कोपर आणि गुडघ्यांची कवचे, हातमोजे हे सगळे एका तासासाठी विकत घेऊ नका. ज्या घरांतली मुले लीगमध्ये खेळतात त्यांच्या तळघरात लहान झालेल्या साहित्याचे ढीग आहेत. ती घरे कोणती हे मला माहीत आहे आणि मी फोन करणार आहे.

आता प्रत्यक्ष बर्फावर काय करायचे? सुरुवातीला हातात स्टिक द्यायचीच नाही. आधी पडायला शिकवायचे. गुडघे वाकवून एका कुशीवर बसते व्हायचे, बोटे पसरून हात टेकायचे नाहीत, मुठी मिटायच्या. मग ओणवे व्हायचे, एक गुडघा वर घ्यायचा, त्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि उठायचे. आमच्या तासाला प्रशिक्षक बाईंनी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी मुद्दाम धाडकन पडायचे असा खेळ केला. जी मुले रडवेली होऊन फळीला चिकटली होती ती थोड्याच वेळात शिट्टीची वाट न पाहता पडू लागली. आमचे चिरंजीव त्यात सर्वांत पुढे होते. शाळेत ज्याला पडण्याची भीती होती त्याला इथे पडण्याबद्दल शाबासकी मिळत होती, आणि तिथे पेंग्विन कुणी आणलेलाच नव्हता.

त्यानंतर बदकासारखे पाय फाकून चालणे, मग एका पायाने ढकलून दुसऱ्यावर घसरणे, आणि टाचा बाहेर काढून बर्फ खरवडत थांबणे. यातले काहीच ओळीत उभे करून शिकवायचे नाही, सगळे खेळातून. प्रशिक्षक बाई त्यांच्या इंग्रजी नावाने जे खेळ सांगत होत्या त्यांतला एक म्हणजे आपले विषामृत. हात लागला की पुतळा व्हायचे आणि गड्याने सोडवले की सुटायचे. मग आमच्यातल्या एका काकांनी ‘डोंगर का पाणी’ सुरू केले, बर्फावर आखलेल्या निळ्या रेषेच्या अलीकडे पाणी, पलीकडे डोंगर, आणि पन्नाशीतले काका मुलांपेक्षा जास्त वेळा पाण्यात सापडले. मधल्या वर्तुळात जुनी मऊ खेळणी टाकून ती आपापल्या गोलात गोळा करायला लावले तर मुले आपण स्केटिंग करतो आहोत हेच विसरतात.

स्टिक शेवटच्या वीस मिनिटांत. स्केट्स घालून उभे राहिल्यावर ती हनुवटीपर्यंत यावी. लांब असली तर कापायची. आपली क्रिकेटची मुले दोन्ही हात बॅटीसारखे वर एकत्र धरतात, ते सुटे करायला सांगावे लागते. चेंडूऐवजी वापरायची चकती म्हणजे पक; खरा पक तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा, सुमारे १७० ग्रॅम वजनाचा कडक रबराचा असतो. नवख्या लहानांना साधारण ११३ ग्रॅमचा निळा पक किंवा सरळ मऊ चेंडू द्यावा. एनएचएलची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. एवढ्या पटांगणावर लहान मुलांचा सामना लावला तर एक मूल पकामागे धावते आणि बाकीची थंडीत उभी राहतात. म्हणून रिंक आडवी वाटून घ्यायची, छोटी गोलजाळी लावायची, तीन विरुद्ध तीन खेळवायचे. देशातल्या हॉकीची संघटना असलेल्या हॉकी कॅनडानेही सर्वांत लहान गटासाठी अशीच लहान पटांगणाची रीत धरली आहे. गोल मोजायचे नाहीत. मुले मोजतात, ती मोजू देत. आपण मोजायचे नाहीत.

हे शेवटचे वाक्य मी पालकांसाठी म्हटले. काचेपलीकडून “अरे, डावीकडे! डावीकडे!” असे ओरडणाऱ्यांत मी स्वतः होते, आणि माझी डावी बाजू कोणती यावर आमच्या घरात तिसरे मत आहे. ज्यांना ओरडायची हौस आहे त्यांच्यासाठी समितीने तोडगा काढला आहे: त्यांनी स्केट्स घालून आत यायचे. आत आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, हा स्वानुभव आहे.

मदतीला हवीत ती आपली मोठी मुले, चार-पाच लहानांमागे एक. ओंटारियोत माध्यमिक शाळेच्या पदविकेसाठी ४० तास समाजसेवा करावी लागते, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला ‘बोअर’ म्हणणारी सोळा वर्षांची मंडळी त्या तासांसाठी आनंदाने येतात असे आम्हाला आढळले. त्यांना खाली वाकून एखाद्या पाच वर्षांच्या मुलीची नाडी बांधताना, आणि तिच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलताना मी पाहिले. ती मराठी मी आमच्या एकांकिका स्पर्धेतही ऐकलेली नाही.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मला जी काळजी आहे ती सांगायला हवी. एका तासाची गंमत झाली, मुलाला गोडी लागली, आणि त्याने विचारले, “पुढे?” तर काय? सहा ते दहा वर्षांच्या नवख्यांसाठी ‘फर्स्ट शिफ्ट’सारखे उपक्रम आहेत, त्यांत डोक्यापासून पायापर्यंतचे साहित्य मिळते आणि बर्फावरचे सहा वर्ग होतात, ती सोय आहे. त्यापुढची लीग मात्र महाग आहे, पहाटेची आहे, आणि आठवड्याचे सगळे वेळापत्रक गिळणारी आहे. पैशांपेक्षाही मला ड्रेसिंग रूमचा विचार छळतो. २०१९ मध्ये अकीम अलिऊ या कृष्णवर्णीय हॉकी खेळाडूने आपल्या जुन्या प्रशिक्षकाने वर्णावरून काय काय ऐकवले होते ते उघड केले, तेव्हा या देशात मोठी खळबळ माजली. त्यानंतर नियम आले, तक्रारीच्या वाटा आल्या. पण ज्या मुलाने एका पेंग्विनवरून तोंड मिटून घेतले, तो तिथे काही ऐकले तर घरी येऊन सांगेल का? त्याला आत पाठवण्याचा हट्ट माझा आहे आणि आत काय होते ते मला काचेतून दिसणार नाही.

आणि शनिवारची सकाळ. साडेनऊला आपली मराठी शाळा भरते, नेमक्या त्याच वेळी आपल्या भागातल्या लहान गटांना बर्फ मिळतो. शाळेच्या बाईंनी मला आत्ताच, तिळगूळ देता देता, विचारले, “म्हणजे आता तुम्ही आमची मुलं पळवणार का?” त्या हसत होत्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. शाळा दुपारी न्यावी असे काहींचे म्हणणे आहे. दुपारी पोहणे आणि तबला आहे असे दुसऱ्यांचे. आमच्या समितीतच यावर दोन तट पडले आहेत आणि मी रोज वेगळ्या तटात असते. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पटलावर आहे. फॅमिली डेच्या नावनोंदणीचा कागद दाराशी टेबलावर आहे, मुलांच्या नावापुढे बुटाचा नंबर लिहा, आणि तो खरा लिहा, वाढत्या अंगाचा नको.