शिकंज्याची मूठ किती मोठी असावी?

अध्यक्ष महोदय आणि सुतारकामाचा नाद जडलेल्या मित्रहो,

घरी बनवलेल्या शिकंज्याला, म्हणजे चिकटवलेल्या फळ्या दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या क्लॅम्पला, हाताशी असेल त्या वस्तूतून मूठ कशी बसवावी, हा आजचा जाहीर केलेला विषय आहे. माझे प्रतिपादन एवढेच आहे की, शिकंज्यावर किती जोर पडणार हे त्याची मूठ ठरवत असते आणि म्हणून ती मुद्दाम लहान ठेवावी. मात्र ते पटवून देण्याआधी जबडे आवळणाऱ्या आट्यांच्या रॉडविषयीची एक जुनी तक्रार मांडणे मला भाग आहे, कारण रॉड आणि नट यांचे जमत नसेल, तर मुठीची चर्चा व्यर्थ ठरते.

वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. हार्डवेअरच्या दुकानात मात्र अद्याप सुतांचेच राज्य आहे. आठ सुतांचा एक इंच होतो, तेव्हा तीन सुती रॉडचा व्यास साधारण साडेनऊ मिलिमीटर भरतो. अशा रॉडवर पुष्कळदा व्हिटवर्थ पद्धतीचे, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडात मांडलेल्या मापांचे, इंचाला १६ आटे असतात. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या नटाचे आटे दीड मिलिमीटर अंतरावर असतात. या दोन अंतरांतला फरक आट्यामागे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, आणि रॉड तर नटापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक. त्यामुळे दहाचा नट तीन सुती रॉडवर चढतो, किंबहुना नव्या जावयाच्या सौजन्याने चढतो. दुकानदारही तो बोटाने गरगर फिरवून दाखवतो आणि “चालतंय की, साहेब!” असे प्रशस्तिपत्र देतो. पुढे फळ्यांना सरस लावून आपण शिकंजा आवळू लागतो आणि ऐन जोर पकडण्याच्या वेळी आट्यांची नुसती टोके एकमेकांवरून घसरतात. आपण हसत आहात, परंतु येथील निम्म्या लोकांच्या डब्यात सुती आणि मिलिमीटरचे नट एकत्र नांदत असणार, याविषयी मला शंका नाही. माझ्या मते, रॉड आणि त्याचे सर्व नट एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यावेत आणि प्रत्येक नट रॉडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. मागे गिऱ्हाईक ताटकळत असले, तरी पाहावा.

आता दुसरी तक्रार, जी मुठीच्या अधिक जवळची आहे. विकतच्या लोखंडी शिकंज्याला आडव्या भोकातून सरकणारी एक दांडी असते. ती सोयीची असते हे मान्य करूनही मी म्हणेन की, ती नेहमी नको त्या बाजूला लोंबते, सरकताना तळहाताची कातडी चिमटीत पकडते आणि फिरवताना टेबलाच्या कडेवर आपटते. लोखंडी चौकटीला तिचा जोर सोसतो, म्हणून ती तिथे शोभते. घरगुती शिकंज्याचे जबडे सागाचे किंवा प्लायवुडचे असतात; त्यांच्यासाठी तिची नक्कल करणे मला मुळीच मान्य नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा आता भरभर सांगतो.

दहा मिलिमीटरच्या रॉडचा ढोबळ हिशेब असा आहे की, मुठीला दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, व्यासाच्या पाचव्या हिश्श्याने भागले म्हणजे दाब मिळतो. पस्तीस मिलिमीटर जाडीची गोल मूठ आवळताना हात फार तर तीन न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतो; त्यातून सुमारे दीडशे किलोचा दाब निघतो आणि घरगुती चिकटकामाला तेवढा पुरतो. त्याच रॉडला आडवी दांडी लावून मध्यापासून दहा सेंटिमीटरवर पंधरा किलोचा जोर दिला, तर दाब साडेसातशे किलोवर जातो. त्याने रॉडचे काही बिघडत नाही. जबडा उकलतो किंवा चिकटवलेली फळी वाकते. लहान मूठ हा या नुकसानीवरचा बिनखर्चाचा बंदोबस्त आहे.

या मापाची मूठ आयती कोठे मिळते, तर तुटक्या क्रिकेट स्टंपात. क्रिकेटच्या नियमांनी स्टंपचा व्यास साडेतीन ते ३.८१ सेंटिमीटर ठरवला आहे, आणि त्यांनी तो आपल्यासाठीच ठरवला, अशी माझी समजूत आहे. मुलांचे स्वस्त स्टंप बारीक असतात, ते टाळावेत. लाटण्याचा मधला भागही चालतो, मात्र घरात आधी विचारावे.

मूठ बसवताना फिरण्याची दिशा लक्षात ठेवावी. आवळताना मूठ रॉडवर आणखी घट्ट होते. सैल करताना ती स्वतःच रॉडवरून निघू पाहते, आणि सैल करायला लागणारा जोर आवळण्याच्या जोरापेक्षा थोडाच कमी असतो. म्हणून नुसत्या चिकटद्रव्यावर विसंबू नये. मुठीच्या टोकात सतरा मिलिमीटरचे भोक पाडून नट ठोकावा म्हणजे त्याचे कोपरे लाकडात रुततात. लाकूड उकलू नये म्हणून त्याआधीच टोकावर पाइपच्या तुकड्याची शेंबी चढवावी. रॉड नटात फिरवून आत घ्यावा, नटाच्या पुढे मूठ आणि रॉड यांतून तीन मिलिमीटरचे आरपार भोक पाडावे आणि त्यात खिळा ठोकून दोन्ही बाजू कानशीने घासून घ्याव्यात. रॉडवर दाबून बसवायला दुसरा नट असेल, तर उत्तम. पॉलिश करू नये. सरसाच्या ओल्या हातातून गुळगुळीत मूठ निसटते.

जबड्याकडच्या फिरत्या टोपीविषयी बोलायचे राहिले. त्याबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी जरूर विचारावेत.