मधुमेही पायाची जखम: कुठलं अँटिबायोटिक, आणि कुठे नकोच

नमस्कार मंडळी. लावणीचे दिवस आहेत, दिवसभर पाय चिखलात. संध्याकाळी पाय धुताना अंगठ्याखाली जखम दिसते आणि दवाखान्यात पहिली मागणी येते, "डॉक्टर, जरा स्ट्राँग गोळी द्या." गोळीचं नंतर. जखम पिकली आहे का, हे आधी.

सूज, ऊब, दुखणं, पू, आणि जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त लाली. यातली किमान दोन असतील तर जंतुसंसर्ग धरायचा. नसतील तर अँटिबायोटिक द्यायचं नाही, त्याने जखम लवकर भरत नाही. मेख अशी, की बधिर पाय दुखत नाही आणि सावळ्या कातडीवर लाली लपते. म्हणून हाताची पाठ दोन्ही पायांना लावून ऊब ताडून बघा.

आता हे साधं बॉलपेन. लालीच्या कडेने रेघ मारा आणि जखमेच्या काठापासून मोजा. 2 सेंटिमीटरच्या आत आणि कातडीपुरतं असेल तर सौम्य. इथे जंतू सहसा स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस. सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सि-क्लॅव्ह तोंडाने, 1 ते 2 आठवडे. नुसतं सिप्रोफ्लॉक्सासिन नको: स्ट्रेप्टोकॉकसवर ते लंगडं पडतं, आणि मधुमेहाची गोळी ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर धाडकन उतरू शकते.

लाली रेघेबाहेर सरकली, किंवा जखम स्नायू-हाडापर्यंत गेली, तर गोष्ट वेगळी. सोबत 38 अंश सेल्सिअसवर ताप आणि 90 वर नाडी असेल तर सरळ ॲडमिट. आपल्या दमट हवेत स्यूडोमोनास हा जंतूही धरावा लागतो, म्हणून शिरेतून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारखं औषध.

पण आधी नमुना! इथेच जास्त घोळ होतो. वरचा पू कापसाच्या काडीवर घेतला तर कातडीवरचे भलतेच जंतू उगवतात, आणि उपचार त्यांच्यावर होतो. जखम सलाइनने धुवा, मेलेलं मांस काढा, मग तळातला तुकडा क्युरेटने (खरवडायच्या छोट्या चमच्याने) खरवडून निर्जंतुक डबीत. पहिल्या डोसच्या आधी.

कोकणात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: पाय कुठल्या पाण्यात होता?

खाडीत कालवं काढताना कापलं, मासळीचा काटा रुतला, आणि काही तासांत जांभळट फोड आले, तर व्हिब्रिओ, म्हणजे खाऱ्या पाण्यातला जंतू. डॉक्सिसायक्लिनसोबत सेफट्रायॅक्सोन, आणि सर्जनला त्याच घटकेला फोन. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

शेतातला चिखल असेल तर मेलिऑइडोसिस, म्हणजे मातीतल्या जंतूचा आजार, डोक्यात ठेवा. मधुमेह्यांना तो जास्त गाठतो. लॅबमध्ये त्याचा जंतू बऱ्याचदा 'स्यूडोमोनास' म्हणून निघून जातो. जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही, पण अमॉक्सि-क्लॅव्हला देतो, असा रिपोर्ट आला तर लॅबला पुन्हा तपासायला सांगा. यात सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान 10 ते 14 दिवस, मग को-ट्रायमॉक्साझोल निदान 3 महिने.

हाडाचं काय? धातूची बोथट सळई जखमेत हलकेच घालायची. टक्क लागली तर एक्स-रे. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, तो 2-3 आठवड्यांनी परत काढा. हाड न कापता उपचार असेल तर औषध 6 आठवडे.

इतके दिवस औषध चालणार म्हटल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघूनच डोस ठरवा. आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू असलेल्याला को-ट्रायमॉक्साझोल दिलंत, तर पहिल्याच आठवड्यात पोटॅशियम तपासा. ते चढतं, आणि बाहेरून काही कळत नाही.