काळजातला पांढरा ठिपका

[सोनोग्राफीचा पडदा, अगदी जवळून]

हे हृदय आहे. एकोणिसावा आठवडा चालू आहे. मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके. चार कप्पे दिसतायत, झडपा उघडतायत, मिटतायत. आणि डाव्या कप्प्यात, झडपेबरोबर खालीवर नाचणारा हा पांढरा ठिपका.

रिपोर्टमध्ये त्याचं नाव भारदस्त असतं: इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस. झडपेच्या दोऱ्या ज्या छोट्या स्नायूला बांधलेल्या असतात, त्यात कॅल्शियमचा कण साचलेला असतो. इतकंच. हृदयाला भोक नाही, ठोक्यात बिघाड नाही. शंभरात तीन ते पाच गर्भांमध्ये तो दिसतो, आशियाई बायकांच्या सोनोग्राफीत त्याहून जास्त.

आता डॉक्टरांचा डावा हात बघा. 'गेन'चं बटण फिरवून त्या पडद्यावरची चमक उतरवतायत. आधी स्नायू काळा पडला. मग झडप गेली. उरल्या फक्त बरगड्या, आणि ठिपका. हाडाइतका चकाकला तरच तो मोजायचा. मग प्रोब तिरका करून दुसऱ्या बाजूनं पुन्हा बघायचं, नाहीतर तो नुसता मशीनचा खेळ असू शकतो. दोन मिनिटांचं काम, आणि बाहेर नंबर लागलेले असले की नेमकं हेच गाळलं जातं.

(कॅमेरा आम्ही छातीखाली नेलेला नाही. का, ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय.)

तरी ठिपका दिसला की डाऊन सिंड्रोमची, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे येणाऱ्या जन्मजात अवस्थेची, भीती वाटते. हे नातं जुळलं कसं? 1985 साली बोस्टनच्या डॉ. बेरिल बेनासेराफ यांनी दाखवलं, की गर्भाच्या मानेमागची कातडी जाड दिसली तर डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढते. आधी त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मग सगळेच खुणा शोधायला लागले. आखूड मांडीचं हाड, मूत्रपिंडात साठलेलं पाणी, मेंदूतल्या पाण्याच्या गाठी, चकाकणारं आतडं. 1992 मध्ये, तेराव्या किंवा एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असलेल्या गर्भांच्या हृदयात असे कण जास्त सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ठिपकाही यादीत गेला. यादीचं नाव 'सॉफ्ट मार्कर'. म्हणजे दोष नव्हे, नुसती खूण.

पण सगळ्या खुणांचं वजन सारखं नसतं. 2013 साली लंडनच्या प्रोफेसर निकोलायड्स यांच्या गटानं आधीचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. नाकाचं हाड न दिसणं किंवा फार लहान असणं, एवढी एकच खूण शक्यता सहा पटींहून जास्त वाढवते. आणि दुसरं काही नसताना एकटा ठिपका? आकडा आला 0.95 पट. म्हणजे आधी हजारात एक धोका असेल, तर ठिपका दिसल्यावरही तो जवळपास हजारात एकच.

हा आकडा रिपोर्टवर छापलेला असतो का? आमच्यासमोरच्या या रिपोर्टवर नाही. ठिपक्याची ओळ तेवढी ठळक अक्षरात आहे.

[बाहेरचा बाक. नवऱ्याच्या हातात मोबाइल.]

भीतीपोटी कुणी गर्भजल तपासायला थेट पोटात सुई घालून घेतं, त्यात क्वचित गर्भही जातो, आणि तोवर गर्भपाताच्या कायद्याची 24 आठवड्यांची मुदत जवळ येते.

खरं तर आधी जुनी फाइल उघडायची. या बाईंचा बाराव्या आठवड्यातला डबल मार्कर, म्हणजे डाऊन सिंड्रोमचा धोका चाळून बघणारी रक्ततपासणी, 'लो रिस्क' आहे. हा कागद बघा, तळाशी होता. हाच कागद नसता, तर आधी रक्ताची तपासणी. अशीच पुढच्या आठवड्यांतली क्वाड्रुपल मार्कर, किंवा परवडत असेल तर एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तात उतरलेल्या गर्भाच्या डीएनएची तपासणी.

डॉक्टर आता रिपोर्टची ओळ बदलतायत. 'इतर कोणतीही खूण नाही. आधीची तपासणी कमी धोक्याची. यासाठी पुढे काही करण्याची गरज नाही.'

दाराशी सासूबाई उभ्या आहेत.

"मॅडम, मग औषध काय द्यायचं?"

"काही नाही, मावशी."

"मग लिहिलंच कशाला?"

"दिसलं म्हणून."