याना जीव घाबरी रायना: खान्देशात कॅबिनेट निवडताना

धुळ्यातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.

मंडळी, नमस्कार. जळगावाहून येऊन धुळेकरांना धुळीबद्दल सांगायचं म्हणजे नाशिककरांना द्राक्षं दाखवण्यासारखं आहे. (हशा) पण आजचा विषयच तसा आहे. डेस्कटॉप कॉम्प्युटर जुळवताना कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, कसं निवडायचं. पत्रिकेत छापलंय तसं साईज, पंखे, काच, किंमत सगळं सांगणार आहे. त्याआधी एक गोष्ट मनात बरीच वर्षं साचलीय, ती मोकळी करू द्या.

माझ्याकडे मुलं यादी घेऊन येतात. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम किती, सगळं दोन-दोन महिने व्हिडिओ बघून ठरवलेलं. यादीत सगळ्यात खाली कॅबिनेट, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, ‘कोणतंही चालेल’. नाहीतर ‘काचेचं, लायटिंगवालं’. मला वाटतं याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. सीपीयू गरम झाला, सीपीयू उचलून आणा, सीपीयूवर कपडा टाका. सीपीयू म्हणजे खरं तर प्रोसेसर, आतली चौकोनी बिस्किटाएवढी चिप. डब्याला आपण वेगळं नावच दिलं नाही, म्हणून त्याचा वेगळा विचारही होत नाही.

आता ती गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली असतील. जळगाव जिल्ह्यातलंच एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, नाव घेत नाही. एप्रिल महिना. तुम्हाला माहीत आहे, भाव वाढेल या आशेनं घराघरांत कापूस धरून ठेवलेला असतो आणि तो उन्हाळ्यापर्यंत येत राहतो. गेटवर वजनकाटा, काट्याशेजारी पत्र्याची केबिन, केबिनमध्ये कॉम्प्युटर. गाडी काट्यावर चढली की वजन आत उमटतं, पावती निघते. तर तो कॉम्प्युटर रोज दुपारी दोन-अडीचला बंद पडायचा. आपोआप, एकदम. ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग रस्त्यापर्यंत. रात्रीपासून थांबलेली माणसं. काटा थांबला की त्यांचं सगळंच थांबतं.

मी पहिल्यांदा गेलो, रॅम काढून पुसली, बसवली. चालू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलला. दोन दिवस बरे गेले, कारण आभाळ आलं होतं. ऊन पडलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा विंडोज नव्यानं टाकली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा वाटलं, आता झालं. दुसऱ्या दुपारी अडीचला फोन.

चौथ्या खेपेला मी केबिनमध्ये गुडघ्यावर बसलेलो. एक म्हातारे हमाल पाणी प्यायला आत आले. अंगावर, भुवयांवर, सगळीकडे रुई. त्यांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, “भाऊ, याना जीव घाबरी रायना.” म्हणजे, याचा जीव घाबरा होतोय.

मला ते वाक्य आजही ऐकू येतं. मी चार खेपांत एकदाही त्या डब्याकडे बघितलं नव्हतं. पुढून गुळगुळीत काच, बाजूला काच, पुढच्या काचेच्या कडेला करंगळीही जाणार नाही एवढी फट. जिनिंगवाल्यांना ते विकताना सांगितलेलं होतं, “तुमच्याकडे रुई उडते, पुढून पॅक घ्या, आत काही जाणार नाही.” मी बाजूची काच काढली. पुढचा भाग नव्यासारखा स्वच्छ. आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, रुईची गादी. बोटानं उचलली तर अख्खी निघून आली, पिंजाऱ्याकडून आणल्यासारखी.

ही रुई आली कुठून? हाच माझा मुद्दा आहे, तेवढा नीट लक्षात घ्या. मागे एक पंखा हवा बाहेर फेकत होता. बाहेर जितकी हवा जाईल तितकी आत यावीच लागते. पुढचं तोंड बंद, मग ती येणार मागे कार्डांसाठी ठेवलेल्या स्लॉटच्या पट्ट्यांमधून, केबलच्या भोकांतून, पत्र्याच्या सांध्यांतून. त्या एकाही जागेला जाळी नाही. म्हणजे बंद तोंडाच्या कॅबिनेटनं धूळ थांबवली नव्हती. हवा कमी केली होती आणि धूळ मागच्या दारानं आत घेतली होती.

मी पुढची काच काढून टाकली. गावातून मच्छरदाणीचं कापड आणलं, दुहेरी करून पुढे ताणून बसवलं, त्याच्या आत १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढणारे. मागे एकच, बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त, बाहेर ओढून काढणारा पंखा कमी, त्यामुळे डब्यात हलकासा दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर येते, आत जात नाही. धूळ येणार ती फक्त पुढच्या कापडावर. तिथे ती डोळ्यांना दिसते आणि रंगाच्या ब्रशनं दोन मिनिटांत निघते. सकाळ-संध्याकाळ ब्रश मारायचा, एवढं ऑपरेटरला सांगितलं. त्या दुपारी मशीन बंद पडलं नाही. त्या हंगामात पुन्हा पडलं नाही.

(टाळ्या)

टाळ्या त्या काकांसाठी घेतो.

आणि हे ज्ञान आपल्याला नवीन आहे का? साक्रीकडून कोण आलंय? हात वर करा. तुमच्या शेतात कांदाचाळ असेल. चाळ जमिनीला टेकवून बांधता का? नाही. खालून हवा यायला जागा सोडता, बाजूंना फटी ठेवता, वाफ वरून निघून जाते. धूळ येईल म्हणून चाळीला चारी बाजूंनी पत्रा कुणी ठोकत नाही, कारण कांदा सडेल हे लहान पोरालाही कळतं. कॉम्प्युटर म्हणजे वीज खाऊन उष्णता टाकणारी वस्तू. गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॉट सहज घेतात, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जुने १०० वॉटचे तीन बल्ब त्या डब्यात पेटवून ठेवलेत असं समजा.

त्यात आपला उन्हाळा. तुम्ही जे व्हिडिओ बघता त्यांत चाचणी साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेली असते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या खोलीत ४० धराच. हवेनं थंड होणारी वस्तू हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. तिथे ८० दाखवलेलं तापमान इथे ९५ होतं, आणि ९५ ते १०० च्या आसपास आजचे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणजे तुम्ही पैसे दिलेत वेगाचे आणि चैत्र-वैशाखात तो वेग तुम्हाला मिळतच नाही. जास्त दु:ख होतं ते फोटो स्टुडिओवाल्यांचं, कारण त्यांची लग्नसराई नेमकी तेव्हाच असते.

उन्हाळ्याचा विषय निघालाय तर कूलरबद्दल बोलतो. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओली हवा आणि धूळ एकत्र आली की हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिखल बसतो, तो ब्रशनं निघत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, कूलरच्या जाळीवर पांढरा थर तुम्ही बघताच. ते तुषार पत्र्यावर उडाले की गंज धरतो. कूलर खोलीसाठी असू द्या, कॅबिनेट त्याच्या वाटेतून बाजूला.

आणखी एक, हे मी प्रत्येक गावात सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? येतात ना? तो कॅबिनेटचा दोष नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते डब्याशी जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर डब्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण पेन ड्राइव्ह लावताना पोर्ट जाऊ शकतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा घालून ठेवलेल्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. लाकडी स्टुलावर कॅबिनेट ठेवून झिणझिण्या गेल्या असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, दादा, वायरमन बोलवा.

मॅडमनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं राहिली. बरं, पत्रिकेतलं आता भराभर घेतो, वही असेल तर लिहून घ्या.

साईज. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड, आधी ठरवा, कॅबिनेट नंतर. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट होत नाही. आपल्या हवामानात फार छोटं कॅबिनेट मी कुणाला सुचवत नाही, त्यात हवेला वळायला जागा नसते. मग तीन मापं बघा: ग्राफिक्स कार्डची लांबी, प्रोसेसरच्या कूलरची उंची, एसएमपीएसची लांबी. मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, बरेच उभे टॉवर कूलर १५५-१६० च्या आसपास असतात. कॅबिनेटच्या माहितीत यांची मर्यादा छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कूलर तीन मिलिमीटरनं उंच निघाला आणि काच बसेना, असे लोक दर महिन्याला माझ्याकडे येतात.

पुढून जाळी हवी, आणि धुता येईल असा फिल्टर हाताशी निघाला पाहिजे. आठ स्क्रू काढून फिल्टर निघत असेल तर तो कुणीही धुणार नाही. बाजूला काच असली तर हरकत नाही, तिकडून हवा यायची नसते. दिवे आवडतात तर घ्या, तुमची हौस आहे, फक्त पुढचे पंखे पूर्ण झाल्यावर.

पंखे. पुढे दोन, मागे एक, ही आपली सुरुवात. छतावर पंखे बसवायची घाई नको. वर तीन बाहेर टाकणारे बसवले की पुन्हा त्या जिनिंगसारखी फटींतून ओढ सुरू होते.

पत्रा. बाजूचं दार काढून दोन्ही हातांनी हलकं पिळून बघा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा लगेच पिळतो आणि पंख्याबरोबर गुणगुणतो, पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा बरा राहतो. आतल्या कडांवरून बोट फिरवा, कडा दुमडलेल्या असाव्यात. एसएमपीएस सकट मिळणारं स्वस्त कॅबिनेट ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला घेऊ नका, एसएमपीएस वेगळा घ्या. तो खाली बसतो आणि त्याचा पंखा जमिनीकडून हवा घेतो, म्हणून कॅबिनेट जमिनीवर नको, निदान पाटावर ठेवा आणि खालचा फिल्टर विसरू नका. सुताराकडून केलेल्या टेबलाच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको. तिथे मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा पुढून आत जाते. आहे तोच कप्पा वापरायचा असेल तर मागची फळी काढून टाका.

साफ करताना ब्लोअर मारलात तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं तो वेड्यासारखा फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटी वीजही तयार होते.

वेळ संपला, मॅडम, एकच मिनिट. टेबलावर मी दोन कॅबिनेट चालू ठेवलीत, एक पुढून बंद आणि एक जाळीचं. सोबत उदबत्तीचा पुडा आणलाय. वरचे पंखे जरा बंद करा, उकाडा होईल, सोसून घ्या. पेटलेली उदबत्ती मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांजवळ धरा, दोन बोटांचं अंतर ठेवा, म्हणजे राख आत जाणार नाही. बंद कॅबिनेटमध्ये धूर सुरकन आत ओढला जाईल. जाळीच्या कॅबिनेटमध्ये तो बाहेर ढकलला जाईल. हीच परीक्षा घरी जाऊन आपल्या मशीनवर करा. या, पुढच्या रांगेतल्या मुलांनी आधी या. काडेपेटी कुणाकडे आहे?