तळहाताच्या आत

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यात सकाळची पाळी चालू आहे. लूमच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. फिटर एका मशीनपाशी थांबतो. मशीनचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर टेकलेला असतो. त्या बेअरिंगच्या लोखंडी खोळीवर, म्हणजे हाउसिंगवर, तो तळहात टेकवतो आणि मनात मोजतो. चारपर्यंत हात टिकला, म्हणजे ठीक. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाला. आतले छर्रे नीट फिरतायत की करकरतायत, ते तो ऐकतो.

ही विद्या खरी आहे. पण मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधलं लोखंड आधीच तापलेलं असतं. ६० अंशांवर हात टेकवत नाही. त्यापुढे ७० आहे की १००, हे हात सांगू शकत नाही.

शिवाय बिघाडाची सुरुवात आत होते. ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल झरून जातं, घर्षण वाढतं. शाफ्टवरची आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा जास्त तापते, म्हणून जास्त फुगते. छर्ऱ्यांना मिळणारी केसभर मोकळी जागा आणखी कमी होते. त्याने पुन्हा उष्णता वाढते, आणि बेअरिंग जाम होतं. ही उष्णता जाड हाउसिंगमधून झिरपत तळहातापर्यंत येते, तोवर उशीर झालेला असतो. सुताच्या कारखान्यात तर त्या तापलेल्या लोखंडावर कापसाची तूस बसलेली असते. आग लागायला तेवढं पुरतं.

मग आतच सेन्सर का बसवू नये? छर्ऱ्यांना धरून ठेवणारा केज सतत फिरतो. त्याला वायर जोडली, तर पहिल्याच फेऱ्यांत पिळून तुटेल.

इथे सूक्ष्म वायरलेस सेन्सर कामाला येतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या, एकमेकींना चिकटलेल्या अतिशय बारीक पट्ट्या. तापल्या की एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी, आणि जोडी वाकते. वाकली की तिच्या आणि खालच्या धातूच्या पातळ पत्र्याच्या मधलं अंतर बदलतं, म्हणजे विजेचा साठा धरण्याची क्षमता बदलते. सोबत तारेचं छोटं वेटोळं. बाहेरच्या, न फिरणाऱ्या वेटोळ्यातून लहरी सोडल्या की आतलं वेटोळं एका ठरावीक कंपनसंख्येला प्रतिसाद देतं. ती कंपनसंख्या सरकली, की तापमान कळलं. आत बॅटरी नाही, वायर नाही. ऐकताना साधं वाटतं, पण तेल, हादरे आणि उष्णता सोसून हे टिकवणं फार अवघड आहे. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात जेट इंजिनांच्या बेअरिंगसाठी, ३०० अंशांपर्यंत तग धरणाऱ्या अशा सेन्सरवर काम झालं आहे.

आकडा चढलेला दिसला, तरी पुढचं काम माणसाचंच. ग्रीस कमी पडलं तरी बेअरिंग तापतं, आणि ठासून भरलं तरी तापतं. ग्रीस गन उचलायची की झाकण उघडून आधी आत बघायचं, हे त्याच फिटरला ठरवायचं आहे.