हलकी कार्बनची डोलकाठी लावली तर जुन्या लाकडी बोटीवरचा ताण कमी होतो का?

[शेड. मागं स्टँडवर बोट, तिच्यावर ओली पोती.]

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या शेडमधनं बोलतोय. मागं आपली 26 फुटी सागवानी यॉट, म्हणजे शिडाची बोट.

गेल्या तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न येतोय. "दादा, लाकूड जुनं आहे ना? मग कार्बनची हलकी डोलकाठी बसवा की. बोटीवरचा ताण कमी होईल." तुम्ही बोटीच्या काळजीनंच विचारताय, मला कळतंय. पण उत्तर बरोबर उलटं आहे. ते उलटं का, हे कळल्याशिवाय कुणी जुन्या बोटीला नवी काठी लावू नये, म्हणून आज बसलोय.

बेसिक पटकन सांगतो. मधे डोलकाठी. तिला पुढनं, मागनं आणि दोन्ही बाजूंनी तारा. तारेच्या खाली टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा स्क्रू. टर्नबकल चेनप्लेटला, म्हणजे धातूच्या पट्टीला, आणि ती पट्टी बोटीच्या अंगाला बोल्टनं. काठीचं बूड तळातल्या बैठकीत. झालं.

आता चैत्रात जोतिबाला गेलाय ना? सासनकाठी बघा. बांबू केवढा उंच, आणि तो तोलायला चारी बाजूंनी दोर धरलेले, आपल्या तोरण्या. दोर धरणाऱ्यांनी जरा जोरात ओढलं की काठी पेलणाऱ्या गड्याला विचारा काय होतं. बांबूचं वजन तेवढंच असतं, पण सगळी ओढ खाली त्याच्या अंगावर येते. काठी जड का हलकी, हा प्रश्नच तिथं उरत नाही. दोर किती ओढले, हा प्रश्न असतो.

बोटीत आणखी एक गोष्ट होते. जोतिबाला दोर ओढणारी माणसं वेगळी आणि पेलणारा वेगळा. बोटीत दोर धरणारी पण बोटच आणि काठी पेलणारी पण बोटच. तारा बोटीच्या कडा वर ओढतात, काठी तिचा मधला भाग खाली दाबते. पुढची-मागची तार आवळली की बोट धनुष्यासारखी वाकते. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर, मागचं टोक वर, पोट खाली.

"पण दादा, आकडा सांगा." सांगतो. समजा वाऱ्यानं बोट कलली आणि तिला परत सरळ करणारा जोर 1 टन-मीटर आहे. बाजूची तार काठीपासून 1 मीटरवर असेल तर त्या तारेत साधारण 1 टन ओढ येते, आणि तेवढ्याच जोरानं काठी खाली दाबली जाते. तार 80 सेंटीमीटरवर असेल तर सव्वा टन. जुन्या यॉट अंगानं अरुंद, म्हणजे त्यांच्या वाट्याला हा सव्वा टनच. शिवाय पुढच्या-मागच्या तारांची ओढ वेगळी.

यात काठीचं वजन कुठं आलं? कुठंच नाही. उलट वरचं वजन कमी केलं की बोट जास्त ताठ उभी राहते, सहज कलत नाही. म्हणजे तिला सरळ करणारा जोर वाढतो, म्हणजे तारेतली ओढ वाढते. काठी हलकी केली आणि ताण वाढवला. हे माझ्याही डोक्यात शिरायला वेळ लागला.

वर जुन्या काळी तारा नव्हत्या, दोर होते. ते ताणायचे. लाकडी काठीही लवायची. वाऱ्याचा झटका वरच्या वर जिरायचा. आजची 19 पदरी स्टीलची तार जवळजवळ ताणतच नाही. झटका थेट चेनप्लेटच्या बोल्टला आणि तिथनं लाकडाला.

ही बोट मी कोकणातनं आणली तेव्हा तिच्यावर कुणीतरी आधीच अ‍ॅल्युमिनियमची काठी चढवली होती. पाणी यायचं तळाच्या कण्याशेजारच्या पहिल्या फळीच्या सांध्यातनं. मी तो सांधा उकरला, नवा कापूस ठासला, वरनं लांबी, म्हणजे फट बुजवायची पुट्टी, भरली. परत पाणी. परत उकरला. दोन सीझन गेले. मग रत्नागिरीकडचे एक म्हातारे मिस्त्री आत उतरले. त्यांनी सांध्याकडे बघितलंच नाही. केबिनमधल्या कपाटाचं दार लावून बघितलं. दार अडकलं. म्हणाले, "आधी तारा सोड." टर्नबकल ढिले केले. दुसऱ्या दिवशी तेच दार अलगद लागलं.

[दोरी दाखवत]

तेव्हापासून ही दोरी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत आतनं ताणून बांधा. मधे, कण्यापासून दोरीपर्यंतची उंची मोजा. तारा आवळा, परत मोजा. माझ्या बोटीत 11 मिलिमीटरचा फरक होता. 11 मिलिमीटर बोट वाकत असेल तर कापूस काय करणार बिचारा?

आता ही ओली पोती. "बोट कोरडी ठेवा, लाकूड कुजेल" असं रोज कुणीतरी लिहितं. मुंबईत बांधलेली 32 फुटी 'सुहाली' माहीत आहे ना? सागवानीच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये तिच्यातनं एकट्यानं, कुठंही न थांबता, 312 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या प्रवासात तिला कण्यालगतच्या सांध्यातनंच गळती लागली होती, आणि त्यांनी समुद्रात उतरून बोटीखाली कापूस ठोकला. पुढं ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली, तर तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसायला लागल्या. शेवटी त्यांनी तिला बाहेर काढलं. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात मी पोती भिजवतो. आणि आकसलेल्या फटीत कडक लांबी ठासून भरू नका. पाण्यात फळी फुगली की तिला जागा लागते, नाही मिळाली तर आतल्या फासळ्या तुटतात.

पितळेच्या स्क्रूंबद्दल एवढंच, वापरू नका. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबी, पोकळ तांबं. बोटानं मोडतं. आणि ओल्या लाकडात गाडलेला स्टेनलेस बोल्टही हवा न मिळाल्यानं आतनं खातो, डोकं मात्र चकाचक दिसतं. मी असे बोल्ट हातात धरून बघितलेत. वरनं दिसत नाही म्हणून मला त्यांचा जास्त राग आहे. सिलिकॉन ब्राँझ घ्या.

"कोल्हापूरला समुद्र कुठाय?" नाहीच. पण ब्राँझ ओतणारा दोन गल्ल्या सोडून, लेथ समोर. बोट आंबा घाटातनं खाली जाईल.

तर नवी काठी लावणार का? लावणार. पण आधी बैठक लांब करतोय. एका लाकडावर टेकलेली होती, आता पाच आडव्या लाकडांवर बसेल. चेनप्लेट एका फासळीऐवजी तीन फासळ्यांना धरेल, आणि तिथनं ब्राँझची पट्टी तिरकी खाली कण्यापर्यंत. बैठकीपासून डेकपर्यंत एक सळई, म्हणजे डेक आणि तळ एकमेकांपासून फाकणार नाहीत.

आणि आवळायचं किती? नव्या फायबरच्या बोटीसारखं तार टणटण वाजेपर्यंत नाही. बोट वाऱ्यावर बऱ्यापैकी कलली की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तार जेमतेम सैल पडली पाहिजे, तेवढंच. धक्क्याला बांधली की टर्नबकल चार फेरे सोडायचे.

दोरी बांधलेलीच आहे. पुढच्या रविवारी बैठक बसवल्यावर तारा आवळून परत मोजू. कॅमेरा दोरीवरच लावतो, मिलिमीटर तुम्हीच वाचा.