ढाल कुणाची? मास्टर्स जलतरणातल्या सांघिक गुणांचा हिशेब

(दृश्य: नाशिकच्या त्र्यंबक रोडवरचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव, सकाळची बॅच)

पाण्यात आत्ता बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. सातपूरला रात्रपाळी करून थेट इकडे आलेला तिशीतला फिटर आहे. लहानपणी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले सत्तरीचे आजोबाही आहेत. असे तिघे एका क्लबकडून मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धेत उतरू शकतात, पण त्यांची लढत एकमेकांशी नसते. मास्टर्सचे वयोगट पंचविशीपासून सुरू होतात आणि पुढे दर पाच वर्षांनी बदलतात: 25 ते 29, 30 ते 34, असे. वय मोजायचं ते स्पर्धेच्या वर्षातल्या 31 डिसेंबरचं. उपांत्य फेरी नसते. हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणाऱ्या तुकडीत, शेजारच्या लेनला कुणीही असो, घड्याळातली वेळ वयोगटाप्रमाणे लावली की निकाल तयार.

वैयक्तिक पदकांवरून फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते शेवटच्या संध्याकाळी, सांघिक ढालीवरून.

(दृश्य: गुणतक्ता, पेनाने भरले जाणारे रकाने)

समजा, पहिल्याला 7 गुण, मग 5, 4, 3, 2 आणि सहाव्याला 1. प्रत्येकाला तीन शर्यती. आठ जणांचा क्लब आला आणि आठही जण तिन्ही शर्यतींत पहिले आले, तर 24 सुवर्णपदकं, 168 गुण. यापेक्षा जास्त त्यांना मिळूच शकत नाहीत. शेजारच्या बाकावर साठ जणांचा संघ आहे. त्यांचा प्रत्येक जण प्रत्येक वेळी पाचवा आला, तरी 60 गुणिले 3 गुणिले 2, म्हणजे 360. एकही पदक न जिंकता ढाल त्यांची.

यात कुणी लबाडी केलेली नाही. तक्ताच माणसं मोजतो. आणि तो माणसं मोजतो हे कळलं, की स्पर्धेपुरते संघ एकत्र येतात. एका तलावावरचा क्लब एका बाजूला, आणि जिल्हाभरातले पोहणारे एकाच नावाखाली दुसऱ्या बाजूला. अमेरिकेतल्या मास्टर्समध्ये हा प्रश्न जुना आहे. तिथे प्रादेशिक संघ आणि स्थानिक क्लब यांची गुणतालिका वेगळी ठेवण्याचा मार्ग निघाला.

(दृश्य: रिलेची चिठ्ठी, जवळून)

रिलेला बहुधा दुप्पट गुण असतात, आणि खरी गणितं या चिठ्ठीवर होतात. चौघांच्या वयांची बेरीज करायची: 100 ते 119, 120 ते 159, 160 ते 199, 200 ते 239, असे पुढे दर चाळीस वर्षांचे गट. 62, 58, 41 आणि 36 ही बेरीज 197. छत्तीसच्या जागी एकोणचाळिशीचा भिडू घेतला, की 200, आणि संघ वरच्या गटात. तिथे दुसरी एंट्रीच नसेल, तर नुसतं पोहून पूर्ण केलं तरी 14 गुण, म्हणजे दोन वैयक्तिक सुवर्णपदकांइतके. मोठ्या संघाला अशी जुळवाजुळव हवी तितक्या वेळा करता येते. आठ जणांच्या क्लबला मात्र एका रिलेत फार तर दोन चौकड्या, कारण एक माणूस त्याच रिलेत दोनदा उतरू शकत नाही. चिठ्ठीवर नेहमी होणारी चूक म्हणजे आजचं वय लिहिणं. दोघांचे वाढदिवस नोव्हेंबरात असले, तर बेरीज दोन वर्षांनी कमी भरते आणि संघ चुकीच्या गटात जातो.

मग गुणांना माणसांच्या संख्येने भागावं का? कागदावर हे न्याय्य दिसतं, पण तलावावर त्याचा परिणाम वाईट होतो. गेल्याच वर्षी पोहायला शिकलेल्या पंचावन्न वर्षांच्या ताई 50 मीटर पूर्ण करतात, शेवटच्या येतात आणि संघाची सरासरी खाली आणतात. पुढच्या वेळी त्यांना कुणीतरी गोड शब्दांत सांगतं, ‘या वेळी राहू द्या.’ मास्टर्स स्पर्धा ज्यांच्यासाठी आहे, त्यांनाच घरी बसवणारा नियम आम्हाला मान्य नाही.

मधला मार्ग वर्गमुळाचा. 360 ला साठच्या वर्गमुळाने भागा, साधारण 46.5 येतात. 168 ला आठच्या वर्गमुळाने भागा, 59.4. ढाल आठ जणांकडे जाते, आणि जास्त माणसं आणल्याची शिक्षाही पूर्ण सरासरीइतकी कडक होत नाही.

(दृश्य: स्टॉपवॉच, लेनमागे उभे टाइमकीपर)

वयोगटात दुसरं कुणीच नसताना एकट्याने पोहून मिळालेल्या 7 गुणांवरही आक्षेप घेतला जातो. ते काढून टाकले, तर सर्वात आधी ज्येष्ठ महिलांचे गट रिकामे होतील. त्यापेक्षा वेळेवर गुण द्यावेत. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेच्या सूत्रात आधारवेळेला, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या विक्रमी वेळेला, पोहण्याच्या वेळेने भागून, त्याचा घन करून हजाराने गुणतात. हेच वयोगटाला लावू. तरुणाची आधारवेळ 25 सेकंद धरली आणि तो 30 मध्ये पोहला, तर 579. आजोबांची आधारवेळ 35 आणि त्यांना लागले 38, तर 781. आजोबा पुढे, आणि ते रास्तच आहे.

पण हे सूत्र वेळेबाबत फार काटेकोर आहे. तो तरुण 29.80 मध्ये आला असता, तर 590 मिळाले असते. हाताने घड्याळ दाबताना 0.2 सेकंदांचा फरक सहज पडतो. म्हणून हात लागताच वेळ नोंदवणारं टच पॅड भिंतीवर नसेल, तर प्रत्येक लेनला तीन घड्याळं हवीत आणि त्यांतली मधली वेळ धरावी. ऐंशीच्या पुढच्या गटांत आधारवेळ म्हणून थेट विक्रम घेऊ नये. तिथे एखाद्या असामान्य माणसाचा विक्रम बाकी सगळ्यांचे गुण खाली खेचतो. शेजारच्या गटांशी जुळवून घेतलेली वेळ हवी. 25 आणि 50 मीटर तलावांच्या आधारवेळा वेगळ्या लागतात, कारण छोट्या तलावात वळणं जास्त आणि भिंतीला दिलेला प्रत्येक रेटा वेळ वाचवतो.

नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे आयोजक दोन टेबलं आणि एका लॅपटॉपवर स्पर्धा चालवतात, तिथे आमच्या मते संख्येप्रमाणे तीन ढाली सर्वात सोप्या: दहापर्यंत, पंचवीसपर्यंत आणि त्यापुढे. संख्या ठरवायची ती एंट्री बंद होण्याच्या दिवशीची, प्रत्यक्ष उतरलेल्यांची नव्हे. नाहीतर अकरावा माणूस ऐनवेळी आजारी पडतो. क्लब बदलणाऱ्याने ठरावीक मुदतीपर्यंत संघाशिवाय पोहावं. पदक त्याचं, गुण कुणाचेच नाहीत.

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेला निकाल, त्याभोवती ओले टॉवेल घेतलेले लोक)

प्रत्येक शर्यतीनंतर निकालाच्या शेजारीच गुणही लावावेत, म्हणजे तक्रारीसाठी असलेल्या तीस मिनिटांत चूक सापडते. दोघांची वेळ सारखी असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या जागेचे 7 आणि 5 मिळवून प्रत्येकी 6 द्यायचे, आणि पुढच्याला तिसऱ्या जागेचे 4. इथे घाईत 5 लिहिले जातात. आधी तो रकाना पाहावा.